अस्मिता आणि अविकारक

'आयडेंटिटी' या शब्दाने अलीकडे आमच्या ख्रिस्ती समाजाला अक्षरशः पछाडले आहे. परिसंवाद असो, युवा शिबिर असो की सणानिमित्त भरविलेला खाद्यमहोत्सव असो, व्यासपीठावरून हा शब्द एकदा तरी उच्चारला गेल्यावाचून आभारप्रदर्शनाची वेळ येत नाही. मराठीतून बोलणारे वक्ते त्यासाठी 'अस्मिता' हा शब्द योजतात. आपली अस्मिता धोक्यात आहे, अस्मिता जपली पाहिजे, पुढील पिढीच्या हाती ती सोपविली पाहिजे, असे ते कळकळीने सांगतात. नेमके काय जपावयाचे आणि कोणापासून, असे विचारू गेल्यास उत्तरादाखल लुगडे, दागिने, दोन-चार पक्वान्ने आणि लग्नातील गाणी एवढी सामग्री पुढे येते. आमचा या शब्दाशी वाद आहे. तो येथे मांडण्याचे प्रयोजन असे की, शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील ज्या माणसांत आम्ही वावरतो त्यांच्या बाबतीत हा शब्द शोभेचा राहिलेला नाही. त्यांच्यासाठी तो जातीच्या दाखल्याचा आणि पोराच्या शिष्यवृत्तीचा प्रश्न होऊन बसला आहे.

प्रथम शब्दाकडे पाहू. इंग्रजीत एकाच 'आयडेंटिटी'ने जी अनेक कामे भागविली जातात, त्यांना मराठीने वेगवेगळी नावे दिली आहेत. रेशनकार्ड दाखवून पटते ती ओळख. व्यासपीठावरून गर्जते ती अस्मिता. बीजगणितात जे समीकरण चलाची कोणतीही किंमत घेतली तरी खरे ठरते त्यास नित्यसमानता म्हणतात. आणि ज्या संख्येशी संयोग झाला असता दुसऱ्या संख्येत काडीमात्र फरक पडत नाही, तिला आमच्या शालेय पाठ्यपुस्तकांनी 'अविकारक' असे सुंदर नाव दिले आहे. बेरजेचा अविकारक शून्य, गुणाकाराचा अविकारक एक. वसतिगृहातील मुलांना सायंकाळी गणित शिकविण्याचे काम अनेक वर्षे आमच्याकडे असल्याने या शब्दाशी आमचा घरोबा आहे. ज्या कोणा अनामिक परिभाषाकाराने तो घडविला त्यास आम्ही मनोमन नमस्कार करतो. जे विकार घडवीत नाही ते अविकारक! इंग्रजी शब्दात हा अर्थ शोधूनही सापडावयाचा नाही.

उलटपक्षी 'अस्मिता' या शब्दाची कुळकथा आपल्या वक्त्यांना ठाऊक नसावी. पतंजलींच्या योगसूत्रांत पाच क्लेश सांगितले आहेत: अविद्या, अस्मिता, राग, द्वेष आणि अभिनिवेश. पाहणारा आणि पाहण्याचे साधन यांना एकच समजणे म्हणजे अस्मिता. म्हणजे जो शब्द आमच्या परंपरेत आत्म्याच्या एका व्याधीचे नाव होता, तो आम्ही ढालीवर कोरून घेतला. सेमिनरीत भारतीय तत्त्वज्ञानाचा तास दुपारच्या जेवणानंतर असे आणि पुष्कळसे त्या सुस्तीतच वाहून गेले. पण हे एवढे ध्यानात राहिले.

आता अमूर्त बीजगणिताकडे वळू. वाचकांनी घाबरून पान उलटू नये. घड्याळ वाचता येत असेल तर एवढे बीजगणित पुरते. काही घटकांचा एक संच घ्यावा आणि कोणतेही दोन घटक एकत्र आणून तिसरा मिळविण्याची एक रीत ठरवावी. उत्तर नेहमी त्याच संचात राहिले पाहिजे. तिघांना एकत्र आणताना कंस कोठेही घातला तरी उत्तर बदलता कामा नये. संचात एक अविकारक असला पाहिजे. आणि प्रत्येक घटकाला त्याचा व्यस्त असला पाहिजे, म्हणजे दोघांचा संयोग झाला की हाती अविकारक यावा. अशा रचनेला गणिती 'गट' म्हणतात. फ्रान्सचा एव्हारिस्त गाल्वा १८३२ साली अवघ्या विसाव्या वर्षी द्वंद्वयुद्धात मारला गेला. त्याच्या कागदांतून ही कल्पना वर आली आणि १८५४ साली आर्थर केली या इंग्रज गणितज्ञाने तिला अमूर्त रूप दिले. याच क्षेत्रात ज्याचे नाव आदराने घेतले जाते तो ऑगस्तँ लुई कोशी निष्ठावान कॅथलिक होता आणि संत व्हिन्सेंट डी पॉल संस्थेमार्फत गोरगरिबांची सेवा करीत असे, हे जाता जाता सांगावयास हरकत नाही.

घड्याळाच्या तबकडीवरील बारा आकडे हा असा एक गट आहे. पाच वाजल्यानंतर चार तासांनी नऊ वाजतात. नऊनंतर सहा तासांनी तीन. आणि पाचनंतर बारा तासांनी? पुन्हा पाचच. या गटाचा अविकारक बारा आहे. दिसावयास सर्वांत मोठा आकडा, तबकडीच्या शिरोभागी बसलेला. पण काम करतो शून्याचे. अविकारक कोण, हे त्याच्या रूपावरून, अंगावरील कपड्यांवरून, बसण्याच्या जागेवरून ठरत नाही. इतर प्रत्येकाशी त्याचा संयोग झाला असता त्या इतरांचे काय होते, एवढ्यावरूनच ते ठरते. एकाकी पडलेल्या घटकाला 'तू अविकारक आहेस काय?' असे विचारण्यात अर्थच नाही.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, रीत बदलली की तोच घटक वेगळा होतो. बेरजेत शून्यासारखा निरुपद्रवी घटक नाही; पाचाशी मिळाला तर पाचाला पाच राहू देतो. तोच शून्य गुणाकारात येऊ द्या. पाच, पन्नास, पाच लाख, जे समोर येईल ते गिळून तो शून्य करतो. आमच्या मते समाजातील अस्मितेची गतही हीच आहे. लग्नघरात, स्वयंपाकघरात, आजीच्या तोंडच्या बोलीत ती बेरजेतील शून्यासारखी असते. कोणाचे काही हिरावत नाही. तीच निवडणुकीच्या सभेत, शाळाप्रवेशाच्या यादीत, धर्मग्रामाच्या कार्यकारिणीत आणा. समोर येणाऱ्या माणसाचे शिक्षण, गरज, सचोटी सारे शून्य होते, आणि उरते ते फक्त 'आमचा की त्यांचा'. वस्तू तीच असते, संयोगाची रीत तेवढी बदललेली असते. म्हणूनच 'अस्मिता चांगली की वाईट' या विषयावरील परिसंवाद कधी संपत नाहीत.

आमच्या किनाऱ्यावरील बांधवांना राग येईल, पण एक उदाहरण देणे भाग आहे. 'ईस्ट इंडियन' हे नाव घ्या. मुंबई, साष्टी, वसई या भागांतील मूळ मराठी बोलणाऱ्या कॅथलिकांनी हे नाव १८८७ साली, राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी धारण केले. गोवा आणि मंगळूरहून नोकरीसाठी आलेल्या ख्रिस्ती लोकांहून आपण वेगळे आहोत, ब्रिटिश सरकारचे जुने प्रजाजन आहोत, हे सरकारदरबारी ठसविणे हा त्यामागील हेतू होता. यात लाजण्यासारखे काही नाही. पोटासाठी माणूस अर्ज करतो आणि अर्जावर नाव घालावे लागते. पण जे नाव एका अर्जासाठी जन्मले, आणि तेही 'आम्ही ते नव्हे' एवढे सांगण्यासाठी, त्याला शंभर वर्षांनी अनादी, अविकारी सत्य मानून त्याच्या पालख्या मिरवाव्यात याला काय म्हणावे? ज्या 'क्रिस्तपुराणा'चा आम्हां मराठी ख्रिस्ती लोकांना सार्थ अभिमान आहे, ते १६१६ साली गोव्यात रायतूर येथे छापले गेले, आणि त्याचा कर्ता फादर थॉमस स्टीफन्स जन्माने इंग्रज होता. आमच्या मराठीपणाचा सर्वांत मोठा ग्रंथ परक्या माणसाने ओवीत रचून दिला. अस्मितेच्या कोणत्या रकान्यात हे बसवावयाचे?

किनारा सोडून आता डोंगराकडे येऊ. २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा झाल्यापासून 'आदिवासी' म्हटले की लोकांचे बोट पालघरकडे जाते आणि 'ठाणे' म्हटले की डोळ्यांसमोर इमारती उभ्या राहतात. या दोहोंच्या फटीत शहापूर व मुरबाड हे तालुके पडून आहेत. एकीकडे माहुलीचा किल्ला आणि कसाऱ्याचा घाट, दुसरीकडे माळशेज आणि सिद्धगड. तानसा आणि भातसा ही धरणे शहापूर तालुक्यात. वैतरणेचे पाणीही याच डोंगरांतून मुंबईस जाते. मुंबई ते पाणी पिते, आणि त्याच तालुक्यातील पाड्यांवरच्या बाया एप्रिल-मे महिन्यांत हंडे घेऊन टँकरची वाट पाहतात. अस्मितेवरील परिसंवादात वक्त्यापुढे ठेवलेला पाण्याचा पेला कोठून भरला आहे याची चौकशी झाली तर परिसंवादाचा विषय बदलेल, असे आम्हांस अनेकदा वाटले आहे.

येथे कातकरी आहेत, ठाकूर आहेत, महादेव कोळी आहेत, काही वारली आहेत. कुणबी आणि आगरी आहेतच. त्यांतील ख्रिस्ती कुटुंबे मूठभर. साऱ्या महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेनुसार ख्रिस्ती सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे शेकडा एकाहून किंचित कमी. त्यातही या डोंगरपट्टीचा वाटा किती असणार! रविवारच्या ख्रिस्तयागाला आमच्यापुढे बसतात त्यांत ठाकूर कुटुंबे आहेत, रेल्वेत किंवा आसनगाव-आटगावकडील कारखान्यांत नोकरीला असलेली केरळी मंडळी आहेत, मराठवाड्याकडून मजुरीस आलेली घरे आहेत, आणि वसईचे एखादे निवृत्त शिक्षक आहेत. केरळी मंडळींपैकी अनेकांचा विधी सिरो-मलबार. त्यांच्यासाठी कल्याणचा स्वतंत्र धर्मप्रांत १९८८ सालीच स्थापन झाला आहे. इतक्या लहान कळपातही 'खरा ख्रिस्ती कोण' हा प्रश्न उपस्थित होतोच. किनाऱ्यावरचा माणूस ठाकराकडे पाहून म्हणतो, 'यांचा धर्म अजून कच्चा आहे.' का, तर त्यांच्या लग्नात ढोल वाजतो आणि धवळेरी गाते.

हा न्याय आम्हांस मुळीच कळत नाही. किनाऱ्यावरील लग्नघरी आदल्या दिवशी वाजतगाजत विहिरीवर जाऊन 'उंबराचे पाणी' आणतात, आणि ती आमची संस्कृती म्हणून गौरविली जाते. ठाकराने ढोल वाजविला की मात्र ती मूर्तिपूजा! हे भांडण जुने आहे. सुंता न करता परराष्ट्रीयांना ख्रिस्तसभेत घ्यावे की नाही यावर यरुशलेमेत प्रेषितांचीच सभा भरली होती, आणि निर्णय परराष्ट्रीयांच्या बाजूने झाला. मदुराईत फादर रॉबर्ट डी नोबिली यांनी नवख्रिस्ती लोकांना जानवे आणि शेंडी ठेवू दिली. १६२३ साली रोमने त्यास सशर्त संमती दिली. पुढे १७४४ साली अशा बऱ्याच प्रथांवर बंदी आली, आणि विसाव्या शतकात, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या सुमारास, सभेने स्थानिक संस्कृतीसाठी पुन्हा दार उघडले. दोनदा उघडलेले हे दार आमचे काही शुद्धतावादी बांधव रोज सकाळी उठून लोटून घेतात.

हा केवळ रुचीचा वाद असता तर आम्ही गप्प बसलो असतो. पण त्याला कायद्याची एक तीक्ष्ण धार आहे. अनुसूचित जमातींच्या १९५० च्या आदेशात धर्माची अट नाही. कातकऱ्याने ख्रिस्ताला स्वीकारले तरी तो कातकरीच राहतो. दलितांचे तसे नाही. त्याच वर्षीच्या अनुसूचित जातींच्या आदेशाने ही सवलत हिंदूंपुरती ठेवली. पुढे १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध तीत आले. ख्रिस्ती दलित आजवर बाहेर आहे, जणू बाप्तिस्म्याच्या पाण्याने गावकुसाबाहेरची वस्तीही धुऊन निघाली. हा अन्याय स्वतंत्र लेखाचा विषय आहे. जमातींच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली, केरळमधील चंद्रमोहनन खटल्यात, असे म्हटले की केवळ धर्मांतराने कोणी जमातीबाहेर जात नाही. मात्र तो जमातीच्या चालीरीती पाळतो काय, जमातीची दुर्बलता अजून भोगतो काय, हे वस्तुस्थिती पाहून ठरवावे.

सुज्ञ वाचकांनी या निर्णयाचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. न्यायालय कपाळाकडे पाहत नाही. ते संबंध पाहते. जमातीत मिसळला असता हा माणूस त्यांच्यातलाच राहतो काय, असे विचारते. हा बीजगणिताचाच प्रश्न आहे! आणि आता आमच्या शुद्धतावाद्यांनी ठाकराच्या पोराला सांगावे की, तू ढोल सोड, जमातीच्या पंगतीत बसू नकोस, पंचांपुढे जाऊ नकोस. ते पोर मुकाट्याने ऐकेल. उद्या त्याच्या दाखल्यावर कोणी हरकत घेतली तर हरकत घेणाऱ्याच्या हाती पुरावा कोणी दिला? धर्मांतरित आदिवासींना यादीतून वगळावे ही मागणी नवी नाही; १९६० च्या दशकाच्या अखेरीस कार्तिक उराव या बिहारमधील आदिवासी खासदाराने ती संसदेत लावून धरली होती, आणि अलीकडे तिने पुन्हा जोर धरला आहे. मोर्चे निघतात, निवेदने दिली जातात. ती मागणी करणारे म्हणतात, धर्म बदलला की जमात संपते. आमचे शुद्धतावादी म्हणतात, धर्म बदलला की जमात संपली पाहिजे. दोघांचे भाषण एकच आहे, माईक तेवढे वेगळे. एखाद्या आश्रमशाळेतून बारावी झालेल्या मुलीला परिचारिकेच्या अभ्यासक्रमाची जागा मिळते ती त्या दाखल्यावर. तो गेला तर तिच्यासाठी वीटभट्टी मोकळीच आहे.

येथे एक प्रामाणिक आक्षेप येतो आणि तो टाळणे बरे नव्हे. आमचे एक वाचक विचारतील, 'फादर, बाप्तिस्मा माणसाला बदलत नाही, जमात तीच, ढोल तोच, आडनाव तेच, तर मग तो देता कशाला? ज्याने काहीच बदलत नाही त्या अविकारकाचा उपयोग काय?'

उपयोग आहे, आणि तो वीटभट्टीवर कळतो. गणितात एक, दोन, तीन अशा मोजसंख्याच घ्या, शून्य वगळून. त्यांची बेरीज करता येते, पण ती वाढतच जाते. पाचात काहीही मिळवा, मागे येण्याची वाट नाही. शून्य आले, आणि त्याच्याबरोबर ऋण संख्या आल्या, की मगच 'फिटले' हा शब्द उच्चारता येतो. अविकारक नसेल तर व्यस्ताची व्याख्याच होऊ शकत नाही, कारण व्यस्त म्हणजेच अविकारकापाशी परत नेणारा. आता कातकऱ्याकडे पाहा. महाराष्ट्रातील ज्या तीन जमाती विशेष दुर्बल म्हणून नोंदल्या आहेत त्यांतील ही एक. पावसाळा सरला की भट्टीमालकाकडून आगाऊ उचल घ्यावयाची. लग्न, आजारपण, नाहीतर नुसते पोट, कारण काहीही असो. दिवाळीनंतर बिऱ्हाड भिवंडीकडे किंवा आणखी दूर भट्टीवर. मे महिन्याच्या शेवटी हिशेब होतो, तेव्हा हजाराच्या विटा थापूनही उचल शिल्लक असते, ती पुढील हंगामावर जाते. वेठबिगारीच्या उच्चाटनाचा कायदा १९७६ सालचा. पण त्या वहीत मोजसंख्याच आहेत, शून्य नाही. बापाची बाकी पोराच्या नावे जाते. मिटणे ही क्रियाच त्या हिशेबात नाही.

अशा माणसाला आमचा धर्म काय देतो? नवे आडनाव देत नाही, नवी बोली देत नाही, देऊ नये. तो त्याला शून्य देतो. म्हणजे असे एक ठिकाण की जेथे बाकी संपते, जेथून मागे येता येते. मत्तयाच्या शुभवर्तमानात प्रभूची प्रार्थना पापक्षमेसाठी ऋणाचा शब्द वापरते, हा काही भाषेचा अपघात नव्हे. ज्याला एकदा कळले की आपली बाकी कोठेतरी शून्य होऊ शकते, तो पुढे मुकादमालाही वही दाखव म्हणतो. असे म्हणणारे दोघे-तिघे आम्ही पाहिले आहेत. त्यांतील एकाचा बाप्तिस्मा झालेला नाही, हेही सांगून टाकतो, कारण कृपेला हजेरीपट लागत नाही.

म्हणून आम्ही म्हणतो की, अविकारक बदल घडवीत नाही, बदल शक्य करतो. आमच्या धर्मश्रद्धेच्या केंद्रस्थानी हेच नाही काय? निकेया येथील ३२५ च्या परिषदेत पुत्र पित्याशी 'एकतत्त्व' आहे की नाही यावर जो वाद गाजला तोही एकत्वाचाच वाद होता. त्यानंतर ४५१ साली खाल्सेदोन येथे परिषदेने सांगितले की, ख्रिस्ताच्या ठायी देवत्व आणि मनुष्यत्व एकत्र आले ते मिसळ न होता, विकार न होता, फूट न पडता, वियोग न होता. विकार न होता! मानवी स्वभाव देवत्वाला जाऊन मिळाला आणि मानवीच राहिला. नाझरेथच्या त्या सुताराची बोली गालिली होती आणि ती गालिलीच राहिली. देवाच्या संयोगाने माणूस माणूसपण गमावीत नसेल, तर ख्रिस्तसभेच्या संयोगाने ठाकूर ठाकूरपण का गमावील? बीजगणित हे आम्ही येथे दृष्टांत म्हणून घेतले आहे, प्रमाण म्हणून नव्हे. परंतु काही दृष्टांत असे असतात की ते प्रवचनापेक्षा कमी खोटे बोलतात.

अविकारकाचा आणखी एक गुण सांगावासा वाटतो, कारण तो आमच्या सणांना लागू आहे. पुष्कळ गटांत क्रमाला महत्त्व असते. आधी हे आणि मग ते, की आधी ते आणि मग हे, यावर उत्तर बदलते. अशा गटांतही एक घटक असा असतोच की ज्याला आधी घेतले काय, नंतर घेतले काय, उत्तर तेच. तो अविकारक. आता आमच्या धर्मग्रामांतील सणाची मिरवणूक आठवा. क्रूस कोणी धरावयाचा, कोणत्या आळीने पुढे चालावयाचे, छत्रीचा मान कोणाचा, यावरून आमच्याकडे भांडणे होतात, अबोले धरले जातात, बिशपांकडे तक्रारी जातात. एवढ्या मानापमानानंतर हीच मंडळी ख्रिस्ती अस्मितेवर बोलावयास उभी राहतात! ज्याला आधी की नंतर याचे दुःख आहे तो काहीही असेल, अविकारक खचित नव्हे.

आणि केवळ अविकारकाचाच मिळून बनलेला गटही गणितात असतो. त्यात एकच घटक. स्वतःशी मिळतो आणि स्वतःच उरतो. नियम सारे पाळले जातात, कोठेही खोट नाही, फक्त त्यात काही घडत नाही. आपली ओळख जपणे हाच ज्या समाजाचा एकमेव कार्यक्रम आहे, त्याची वार्षिक सभा वाचकांनी पाहिली असेलच.

अस्मितेच्या बाजूने जे बोलले जाते त्यात एक भय आहे आणि ते खोटे नाही, हे आम्ही मान्य करतो. बाहेरचे लोक आमची ओळख ठरवितात, तेव्हा आम्हीच ती आधी ठरवावी, असे ते भय सांगते. अमूर्त बीजगणिताला आजचे रूप ज्यांनी दिले त्या एमी नोएथर यांना १९३३ साली गटिंगेन विद्यापीठातून काढून टाकण्यात आले, ज्यू वंशाच्या म्हणून. त्यांचे गणित कोणी विचारले नाही. १९३५ साली त्या अमेरिकेत वारल्या. त्याच गटिंगेनमध्ये तत्त्वज्ञान शिकलेल्या एडिथ स्टाइन १९२२ साली कॅथलिक झाल्या, पुढे कार्मेल मठातील धर्मभगिनी झाल्या. तरी १९४२ साली आउशवित्झ येथे त्यांना मारले गेले ते ज्यू म्हणूनच. १९९८ साली त्या संत म्हणून घोषित झाल्या. सत्तेने जन्माचा रकाना भरला की माणसाचे कर्तृत्व आणि बाप्तिस्मा दोन्ही शून्याने गुणले जातात. पण याचा निष्कर्ष काय? सत्तेच्या हाती जो गुणाकार आहे तोच आपणही शिकून घ्यावा, हा? संत एडिथ यांनी आपले ज्यूपण नाकारले नाही आणि ख्रिस्तही नाकारला नाही. दोन्ही एकाच वेळी असू शकतात हे त्यांच्या मारेकऱ्यांना कळले नाही, आणि आमच्या काही परिसंवादांनाही अद्याप कळलेले नाही.

एका गटात दोन अविकारक असू शकतात काय? असे मुले नेहमी विचारतात. उत्तराला फळ्यावर दीड ओळ पुरते. असे दोन आहेत असे धरा, आणि त्यांचा एकमेकांशीच संयोग करा. पहिला अविकारक म्हणून उत्तर दुसरा आले पाहिजे; दुसरा अविकारक म्हणून उत्तर पहिला आले पाहिजे. तेव्हा दोघे एकच. ही सिद्धता आम्हांस अतिशय आवडते, कारण तीत कोणी कोणाशी वाद घालीत नाही. दोघांना एकत्र आणले जाते एवढेच. वसईचे लोक आणि मुरबाडचे ठाकूर, लॅटिन आणि सिरो-मलबार, आम्ही खरे की तुम्ही खरे म्हणणारे सारे, यांचा असा संयोग आजवर कोणी करून पाहिला आहे? वसईची मंडळी माळशेजचा धबधबा पाहावयास पावसाळ्यात येतात, मोटारी भरभरून. टोकावड्यावरून जातात. पाड्यावरील मिस्सेला मात्र थांबत नाहीत, रस्ता वाईट आहे म्हणतात. तो वाईट आहेच.

आता एक तातडीची गोष्ट. २०२७ च्या जनगणनेत जातीची नोंद होणार असल्याचे केंद्र सरकारने २०२५ साली जाहीर केले आहे, आणि माहिती मुख्यतः मोबाईलवर भरली जाणार आहे. तेव्हा कातकरी कुटुंबातील बाई दारात उभी राहून तोंडाने जे सांगेल तेच नोंदले जाईल, किंवा प्रगणक घाईत असेल तर तो जे समजेल ते. काही पाड्यांवर आताच कुजबुज आहे की 'ख्रिश्चन' सांगितले तर दाखला जातो. तर काही ठिकाणी आमच्याच लोकांनी सांगून ठेवले आहे की, जमात सांगू नका, ते जुने झाले. दोन्ही साफ खोटे आहे. धर्म विचारला की ख्रिस्ती सांगावे, जमात विचारली की कातकरी, ठाकूर, वारली, महादेव कोळी, जी असेल ती सांगावी, आणि दोन्ही नोंदले गेले आहे हे वाचून दाखवावयास लावावे. ज्यांना वाचता येते अशी वसतिगृहातील नववी-दहावीची मुले त्या दिवसांत आपापल्या पाड्यावर असावीत, यासाठी सुट्टीची तजवीज आम्ही करणार आहोत. भट्टीवर गेलेल्या कुटुंबांची नोंद भट्टीवरच होईल. त्यासाठी भिवंडीकडील धर्मग्रामांतून कोणी दोन-चार दिवस देऊ शकत असेल तर त्यांनी आम्हांस कळवावे.